आरशातले वसिष्ठ

त्र्यंबक खांबेटे यांचे ठाण्याविषयीचे मत फार वाईट होते. ठाण्यात तळे आहे, खाडी आहे, कचेरी आहे, तुरुंग आहे, पण चित्र काढण्याजोगे एकही शरीर नाही, असे ते म्हणत. ऐकायला दुसरे कोणी नसले तर बायकोला ऐकवीत.

ही १८८६ सालची गोष्ट. खांबेटे तेव्हा छत्तिशीत होते आणि ठाण्याच्या एका इंग्रजी शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. तरुणपणी त्यांनी दोन वर्षे मुंबईच्या चित्रशाळेत काढली होती. तिथे ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकला समोर ठेवून कोळशाने रेखाटायला शिकवीत. जिवंत माणूस पुढे बसवण्याचा वर्ग त्यानंतरचा. पण तो सुरू व्हायच्या आधीच वडील वारले आणि खांबेटे ठाण्याला परतले. येताना त्यांनी प्लास्टरचे एक पाऊल आणले होते. टाचेचा टवका उडाल्यामुळे चित्रशाळेने ते अडगळीत टाकले होते. पुढे जे झाले त्यात या पावलाचाही वाटा आहे, म्हणून ते आत्ताच सांगितलेले बरे.

शाळेत ते मुलांना फुटपट्टीने चौकोन, कंपासने वर्तुळ आणि परीक्षेपुरते एक जास्वंदीचे फूल शिकवीत. सगळे गाव त्यांना मास्तर म्हणे. त्यांना स्वतःला चित्रकार म्हणवून घ्यायचे होते. पण चित्रकार म्हणजे माणसे काढणारा, आणि माणसे काढायला माणसे समोर हवीत.

"विलायतेत चित्रकाराने नुसती खूण केली की माणूस अंगरखा उतरवून चौथऱ्यावर उभा राहतो. तीन तास हलत नाही," ते म्हणत. विलायत त्यांनी पाहिली नव्हती. "आणि इथे? इथे माणसं नाहीतच. पागोटी आहेत, उपरणी आहेत, लुगडी आहेत. आत कोणी असेल तर ते देवालाच ठाऊक."

हे ते रोज सकाळी मासुंदा तळ्यावरून आंघोळ करून येताना म्हणत. त्या वेळी तळ्याच्या पायऱ्यांवर चाळीस-पन्नास पुरुष कमरेच्या वर उघडे असत. कोणी वाकून धोतर पिळत असे, कोणी हात उंच करून सूर्याला अर्घ्य देई, कोणी मांडी घालून संध्या करी. म्हातारे, तरणे, सुटलेल्या पोटाचे, बरगड्या मोजून घ्याव्यात असे. खांबेट्यांपासून सहा हातांवर त्यांच्याच चरईतल्या गल्लीतले गोविंदभट दहा वर्षे नेमाने डुबक्या घेत. त्यांची पाठ एवढी रुंद होती की पलीकडची पायरी दिसत नसे. खांबेटे डोळे मिटून संध्या करीत. डोळे उघडत ते घराकडे निघाल्यावर.

अशा गृहस्थांकडे कल्याणचे हरिहरपंत आले.

हरिहरपंत पेन्शनीत निघालेले मामलेदार होते. पारनाक्याजवळ त्यांनी घराला नवा दिवाणखाना जोडला होता आणि त्याच्या चार भिंती रिकाम्या होत्या. येत्या वैशाखात नातवाची मुंज होती. तोवर पहिल्या भिंतीवर रामाच्या मुंजीचे मोठे तैलचित्र लागावे, अशी त्यांची इच्छा.

"ते उतरलं मनासारखं, तर उरलेल्या तीन भिंतीही तुमच्याच," पंत म्हणाले. "सीतेचं लग्न, वनवास, राज्याभिषेक. चार-पाच वर्षांचं काम आहे. जमेल?"

"माणसं किती हवीत?" खांबेट्यांनी विचारले.

"मुंज आहे. भरलेलं दिसलं पाहिजे."

खांबेट्यांनी तिथल्या तिथे बारा माणसे कबूल केली: वसिष्ठ, दशरथ, चार राजपुत्र, दोन ऋषी, तीन राण्या आणि मागे चवरी ढाळणारा एक भोई. आठवडाभरात त्यांनी हेडमास्तरांना जाऊन सांगितले, "उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मी येणार नाही."

"का हो मास्तर?"

"मास्तर येणार नाही, म्हणूनच."

हेडमास्तरांना याचा अर्थ लागला नाही. खांबेटे मात्र घरी येईपर्यंत त्या उत्तरावर खूश होते.

आता बारा माणसे आणायची कुठून? दुसरा एखादा घाबरला असता. खांबेट्यांनी एक कोरी चोपडी घेतली आणि पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिले: 'आकृतियोजना'. माणूस समोर असला म्हणजे बुद्धी लागत नाही, असा शोध त्यांना याच सुमारास लागला. माणूस समोर नसताना तो योजनेने उभा करणे, ही खरी विद्या. चोपडीत प्रत्येक आकृतीला एक पान दिले होते आणि त्यावर कुठला अवयव कशावरून घ्यायचा ते लिहिले होते. पावले प्लास्टरच्या पावलावरून. उजवे पाऊल हवे असेल तर तेच पाऊल आरशात पाहून. राण्यांची तोंडे चित्रशाळेतल्या ग्रीक देवतेच्या जुन्या रेखाटनावरून. त्यांची वस्त्रे बांबूच्या घोडीला लुगडे नेसवून. आणि उरलेले सगळे, म्हणजे नऊ पुरुषांचे खांदे, छात्या, दंड, कोपर, पाठी, स्वतःवरून.

त्यासाठी त्यांनी मुंबईहून छातीपर्यंत उंच आरसा आणवला. सकाळची शाळा सुटली की खोलीचे दार आतून लावून, कमरेच्या वर उघडे होऊन ते त्याच्यासमोर बसत. वसिष्ठ होत, दशरथ होत, आठ वर्षांचा भरत होत. आरशात उजव्याचे डावे होते हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून वसिष्ठांच्या उजव्या हातात पळी हवी असली की ते स्वतः डाव्या हातात पळी धरीत. ही युक्ती सुचली त्या दिवशी त्यांना चित्रशाळेतल्या सगळ्या शिक्षकांची कीव आली. भोई पाठमोरा होता. त्याच्यासाठी त्यांनी न्हाव्याचा आरसा मागे टांगला आणि दोन आरशांतून स्वतःची पाठ काढली.

गल्लीत बोलणे सुरू झाले. विहिरीवर बायका मथुराबाईंना, म्हणजे खांबेट्यांच्या पत्नीला, विचारू लागल्या.

"काय गं मथुरे, तुझे हे दार लावून आरशापुढे उघडे बसतात म्हणे?"

"चित्र काढणं चाललंय."

"स्वतःचं?"

"रामाचं."

"मग उघडं होऊन ते काय करतात?"

मथुराबाई घागर उचलून निघून येत. त्यांना खोलीत जायला परवानगी होती ती फक्त बांबूला लुगडे नेसवायला. पहिल्याच दिवशी खांबेट्यांनी बजावले होते, "आत यायचं, नेसवायचं आणि जायचं. चित्राविषयी तोंडातून अक्षर काढायचं नाही. चित्र पुरं होण्याआधी अडाण्यांची मतं ऐकली की ते नासतं." मथुराबाईंनी तीन राण्या नीट नेसवल्या आणि अक्षर काढले नाही.

शाळेत जाता-येता खांबेटे खोपटच्या शेतांवरून जात. तिथे भाताच्या पेंढ्या डोक्यावर घेतलेली उघडी माणसे बांधावरून चालत असत. खांबेटे त्या वेळी चोपडीत पाहत चालत. दोनदा ते बांधावरून घसरले.

चैत्र संपता चित्र पुरे झाले. साडेचार हात रुंद चौकट आगगाडीच्या डब्यात जाईना, आणि मालाच्या डब्यावर खांबेट्यांचा विश्वास नव्हता. म्हणून कळव्याच्या दगडूचा मचवा ठरवला. दगडू खाडीतून मीठ आणि गवत नेत असे. काळा, उंच, कमरेला लंगोटी आणि डोक्याला फडके. चित्र पासोडीत गुंडाळून मचव्यावर आडवे ठेवले आणि भरतीबरोबर ते कल्याणकडे निघाले.

ठाकुर्लीच्या बाजूची शेते दिसू लागली तेव्हा दगडूने विचारले, "मास्तर, यात मानसा हायेत?"

"बारा."

"कोन बसलेला तुमच्यापुढं?"

"कोणी नाही. योजनेने काढली."

दगडूने दोन वल्ही मारली. "तुमी कोनाला इचारलाव का कदी? बस म्हनून?"

खांबेटे त्याच्याकडे पाहून तुच्छतेने हसले. चित्रकला म्हणजे काय हे मचवेवाल्याला कुठून समजावयाचे? त्यांनी तोंड किनाऱ्याकडे फिरवले. "विचारायचं कोणाला? ठाण्यात आहे कोण?"

"माना सांगायचा व्हता," दगडू म्हणाला. "मी बसलो असतो. भरती येईस्तवर बसूनच असतो मी."

मुंजीच्या दिवशी सकाळी पंतांच्या दिवाणखान्यात चित्र लागले. शंभरेक माणसे होती. खांबेट्यांनी नवे पागोटे घातले होते. पंतांनी स्वतः वरचे कापड ओढले आणि दिवाणखान्यात "वा!" असा मोठा आवाज झाला. रंग खरोखर सुरेख होते. झालरी, समया, केळीचे खांब, दशरथाचा मुकुट. जे जे जिवंत नव्हते ते ते फारच हुबेहूब होते. खांबेट्यांनी मान किंचित वाकवली. ठाण्याच्या कूपमंडूकांपेक्षा कल्याणचे लोक बरे, असे त्यांच्या मनात आले.

मुंज लावायला चरईचे गोविंदभटच आले होते. ते आतून ओले हात पंच्याला पुसत आले आणि चित्रापुढे उभे राहिले. बराच वेळ पाहत राहिले.

"पंत, चित्र झकास आहे," ते म्हणाले. "कोणाचं श्राद्ध आहे हे?"

"श्राद्ध? भटजी, ही रामाची मुंज!"

"मग वसिष्ठ अपसव्य का?"

उघड्या अंगाने वावरणाऱ्या सगळ्या पुरुषांचे हात आपापल्या जानव्याकडे गेले. जानवे असायचे डाव्या खांद्यावर. ते उजव्या खांद्यावर येते ते मेलेल्यांच्या कार्यात, पितरांना पाणी देताना. चित्रातल्या वसिष्ठांचे जानवे उजव्या खांद्यावर होते. आरशातले खांबेटे बरोबर तसेच दिसत. पळी त्यांनी आठवणीने दुसऱ्या हातात घेतली होती. पण जानवे मुंजीपासून अंगावरच होते. ते काही उचलून धरायची वस्तू नव्हे, त्यामुळे त्याचा विचारच झाला नव्हता. शिवाय जानवे घातलेला दुसरा माणूस त्यांनी कित्येक वर्षांत नीट पाहिला नव्हता.

गोविंदभट बोट दाखवीत एकेक आकृती मोजू लागले. "दशरथ अपसव्य. हे दोन्ही ऋषी अपसव्य. राम, लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न, अहो, चारी पोरं अपसव्य! मुंज लागते न लागते तोच बापाच्या पिंडाला बसली. आणि बाप समोर जिवंत बसलाय, तोही अपसव्य. स्वतःच्याच श्राद्धाला आलेला दिसतो." मग ते थबकले. "थांबा, थांबा. एकाचं सव्य आहे. मागे तो पाठमोरा... चवरी ढाळतोय तो कोण?"

"भोई," कोणीतरी म्हणाले.

"छान! नऊ जणांत जानवं जागेवर आहे ते एकट्या भोयाचं!"

आता हशा पिकला. खांबेटे पुढे झाले. "यात हसण्यासारखं काही नाही. दोन आरशांत उलटलेलं पुन्हा सुलटं होतं. एका आरशात उलटंच राहतं. हे शास्त्र आहे."

"आरसा?" गोविंदभटांनी त्यांच्याकडे वळून पाहिले. "म्हणजे तुम्ही आरशात बघून काढलंत? स्वतःला?"

हे सांगायला नको होते, हे खांबेट्यांना उशिरा कळले. सगळे लोक एकदा त्यांच्याकडे आणि एकदा चित्राकडे पाहू लागले. खांबेट्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा किंचित खाली होता. चित्रातले आठ खांदेही तितकेच खाली होते.

"अरे हो की! वसिष्ठ मास्तर, दशरथ मास्तर..."

"हा राम बघ. पोराचं तोंड आणि कोपर बाप्याचं!"

"आणि टाचा! सगळ्यांच्या टाचा एकाच जागी फुटल्यात!"

दारामागून पंतांच्या थोरल्या बहिणीने, बयाताईंनी, विचारले, "आणि कौसल्या कोण?"

"कौसल्या मी नाही," खांबेटे शक्य तेवढ्या मानाने म्हणाले. "ती ग्रीक आहे."

यानंतर कोणी काय बोलले ते कोणालाच ऐकू आले नाही. एकटे पंत हसत नव्हते. त्यांच्या घरात मंगल कार्य होते आणि भिंतीवर अपसव्य बसलेले आठ जण होते. त्यांनी गडीमाणसांना खूण केली. चित्रावर घोंगडी टाकली गेली आणि ते ओटीवर काढून भिंतीकडे तोंड करून ठेवले गेले. मग पंतांनी खांबेट्यांना बाजूला घेतले. मामलेदारीत त्यांनी पुष्कळ खुळी माणसे पाहिली होती, त्यामुळे ते रागावले नाहीत.

"मास्तर, भिंत दिवाळीपर्यंत रिकामी ठेवतो. दुसरं आणा. गोविंदभटांनी पाहून हो म्हटलं तर लावू. नाहीतर चारी भिंतींवर मी सरळ आरसे लावीन."

"भटजींना चित्रातलं काय कळतं?"

"जानव्यातलं कळतं. तुमचं अडलं तिथेच."

परतीच्या मचव्यात खांबेटे चित्राकडे पाठ करून बसले. दगडूने काही विचारले नाही. त्याने न विचारणे खांबेट्यांना विचारण्यापेक्षा जास्त लागले. दगडू दोन्ही हातांनी वल्हे ओढत होता आणि त्याच्या पाठीवरचे स्नायू एकामागून एक उठत आणि बसत. ते खांबेट्यांना दिसले. दिसले याचाही त्यांना राग आला.

घरी आल्यावर त्यांनी मथुराबाईंना विचारले, "तू खोलीत येत होतीस. तुला दिसलं होतं का जानवं?"

"दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"इकडूनच सांगणं झालं होतं, अक्षर काढायचं नाही म्हणून," मथुराबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "मला वाटलं, विलायती पद्धत असेल."

पुढे तीन दिवसांत खांबेट्यांनी आठही जानवी पुसून डाव्या खांद्यावर आणली. भोयाचे काढून टाकले. काम म्हटले तर एवढेच होते. पण जानवी जागेवर गेल्यावर चित्र अधिकच वाईट दिसू लागले, कारण आता नजर अडकायला जानवे नव्हते. सगळीकडे खांबेटे होते. दाढी लावलेले खांबेटे, मुकुट घातलेले खांबेटे, लंगोटी नेसलेले चार लहान खांबेटे, आणि सगळेच श्वास रोखून बसलेले. आजवर ते या गावाची टर उडवीत आले होते. आता चौकटीतून आठ जण त्यांच्याकडे तशाच तुच्छतेने पाहत होते, आणि त्या नजरेत उणे काढायला त्यांना काही सापडेना. शेवटी त्यांनी चित्रावर घोंगडी टाकली, ती काढली नाही.

जून उजाडला. शाळेत नवा ड्रॉइंग मास्तर आला. त्याने पहिल्याच दिवशी मुलांना जास्वंदीचे फूल दिले, असे कानावर आले. खांबेटे आता मास्तरही राहिले नव्हते आणि चित्रकार झाले नव्हते. गावाने तेवढ्यात त्यांची सोय लावून टाकली: तळ्यावर लोक त्यांना 'अपसव्य' म्हणू लागले. समोर म्हणत नसत. पण पाठ वळायची वाटही पाहत नसत.

श्रावणातल्या एका सकाळी ते तळ्यावर गेले. पायरीवर बसून डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे तेच आठ जण आले, म्हणून डोळे उघडले.

समोर गोविंदभट होते. डुबकी घेऊन वर आले होते आणि वाकून तांब्या विसळत होते. त्यांच्या पाठीवरून पाणी ओघळत होते. ओले जानवे कातडीला चिकटून डाव्या खांद्यावरून तिरके खाली आले होते. जिथे मांस जास्त होते तिथे ते रुतून आत गेले होते आणि कमरेपाशी पुन्हा सैल पडले होते. त्यांनी हात पुढे केला तसा खांद्याचा फरा कातडीखालून सरकला आणि जानवेही त्याच्याबरोबर बोटभर वर चढले. योजनेच्या चोपडीत असे जानव्याचे चढणे कुठेच नव्हते.

"भटजी," खांबेटे म्हणाले, "जरा असेच राहा."

गोविंदभट दचकले. "का? जळू लागलीय?"

"जळू नाही. पाठ पाहतोय."

"दहा वर्षं शेजारी आंघोळ करताय मास्तर. आज पाठ दिसली?"

आजूबाजूचे चार-पाच जण थांबून ऐकू लागले. खांबेट्यांच्या तोंडून पुढचे वाक्य सहजी निघेना. आजवर त्यांनी या गावाला नावे ठेवली होती, पण गावातल्या एकाही माणसाकडे काही मागितले नव्हते.

"तुम्ही माझ्यापुढे बसाल का? चित्रासाठी. वसिष्ठ म्हणून."

लोक हसले. गोविंदभट हसले नाहीत. त्यांनी तांब्या भरून पायरीवर ठेवला. "अस्सं! परीक्षकालाच चित्रात बसवायचं म्हणता?"

"मला दुसरी अशी पाठ माहीत नाही."

हे खुशामतीचे नव्हते, तक्रारीसारखे होते. म्हणूनच बहुधा भटजींना पटले. "बसतो," ते म्हणाले. "पाटावर बसणार, तुमच्या त्या विलायती स्टुलावर नाही. बोललो तर गप्प करायचं नाही. आणि जानवं जिथं आहे तिथंच राहील."

"तेवढ्यासाठीच बोलावतोय."

गोविंदभट दोन महिने येत होते. ते तीन तास तर सोडाच, तीन मिनिटे एका जागी बसत नसत. शिंकत, मान वळवून गल्लीत कोण गेले ते पाहत, कुठल्या यजमानाने दक्षिणेत हात आखडला ते सांगत, आणि अर्ध्या तासाने पेंगत. खांबेट्यांच्या जिवाचा संताप होई. आरशातल्या माणसाने कधी असा छळ मांडला नव्हता. पण भटजी श्वास घेत तेव्हा पोट फुगून जानवे ताठ होई आणि श्वास सोडला की ढिले पडून नाभीपाशी लोंबे. वसिष्ठांनी मंत्र म्हणताना श्वास आत घेतलेला असावा की सोडलेला, हा प्रश्न खांबेट्यांना आयुष्यात प्रथमच पडला. त्यांनी तो भटजींनाच विचारला.

"ॐकार म्हणताना सोडलेला," भटजी म्हणाले. "घेऊन बसलात तर म्हणणार कशानं?"

या वेळी बारा माणसे नव्हती. वसिष्ठ, राम आणि भोई. रामासाठी गल्लीतले एक पोर पेरूच्या बोलीवर बसले. भोयासाठी खांबेटे स्वतः होडीने कळव्याला गेले. दगडू जाळे दुरुस्त करीत होता. "बसशील का?" त्यांनी विचारले. दगडूने खाडीकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. "आता इचारलाव!" तो म्हणाला आणि तिथेच पाठ फिरवून बसला.

चित्र अर्धे झाल्यावर एक दिवस मथुराबाई दारात थांबल्या. "कौसल्या नाही का यात?"

"कोण बसणार?" खांबेटे त्रासून म्हणाले. "या गावात कुठली बाई..."

"मला विचारणं झालंय का?"

खांबेट्यांनी कुंचला खाली ठेवला.

"तोंड दिसता कामा नये," मथुराबाई म्हणाल्या. "खांबाआडून हात काढावा. तेवढा चालेल." आणि निरांजनाचे तबक घेऊन त्या दाराच्या चौकटीआड उभ्या राहिल्या. हात बाहेर, बांगड्या जराशा मागे सरकलेल्या, मनगटावर चुलीच्या चटक्याची एक जुनी खूण. लग्नाला सतरा वर्षे झाली होती. ती खूण खांबेट्यांना माहीत नव्हती. कधीची ते विचारावे असे त्यांच्या मनात आले, पण प्रकाश जात होता. त्यांनी ती नुसती काढली.

दिवाळीच्या आधी दगडूचा मचवा पुन्हा कल्याणला गेला. पंतांच्या दिवाणखान्यात या वेळी वीस-पंचवीसच माणसे होती, तीही मागच्यासारखी मौज मिळेल या आशेने आलेली. कापड ओढल्यावर कोणी "वा" म्हटले नाही. सगळे पुढे सरकून पाहू लागले. दारामागून बयाताई म्हणाल्या, "हात कोणाचा गं हा? खऱ्या बाईचा आहे."

"भटजी, बोला," पंत म्हणाले.

गोविंदभट चित्राजवळ गेले. आधी त्यांनी जानवे पाहिले. डाव्या खांद्यावरून, उजव्या बगलेखाली, बरोबर होते. मग भोई पाहिला; त्याला जानवे नव्हते. मग ते दोन पावले मागे आले आणि वसिष्ठांकडे पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला.

"सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "पण पोट एवढं नाही."

"आहे," खांबेटे म्हणाले.

"मी वसिष्ठांचं म्हणतोय. ऋषी होते ते. कंदमुळं खाऊन राहायचे."

"ते माझ्यापुढे बसले नव्हते. जे बसले त्यांचं काढलं."

पंत इतके हसले की त्यांना बैठकीवर टेकावे लागले. "लागू दे, लागू दे! भटजींनी हो म्हटलंय. मास्तर, आता दुसरी भिंत. सीतेचं लग्न. जनकराजा म्हणून कोण बसवताय?"

'मास्तर' हा शब्द खांबेट्यांना अजून टोचला. पण त्यांचे लक्ष दुसरीकडे गेले, कारण पंतांचा प्रश्न ऐकताच दिवाणखान्यातली ती वीस-पंचवीस माणसे एकदम ताठ झाली होती. मामलेदार कचेरीतला एक कारकून पोट आत ओढून उभा राहिला. एका वकिलाने उपरणे सहज सरकल्यासारखे करून दंड दिसू दिला. गोविंदभटही, आपले काम झाले हे विसरून, हनुवटी वर करून राहिले.

खांबेट्यांचे ठाण्याविषयीचे मत वाईट होतेच. आता कल्याणविषयीचेही झाले. यांतल्या एकालाही राजा म्हणून सिंहासनावर बसवावे असे वाटत नव्हते. त्यांनी बगलेतून कोरा कागद काढला, कोळसा घेतला आणि कारकुनापासून सुरुवात केली.

"श्वास सोडा आधी," ते म्हणाले.